झालर वाळेपर्यंत

मी, ज्युलियाना ग्रेगरी परेरा, वय ७३, राहणार वर्तकनगरजवळचं गावठाण, ठाणे, डोकं ठिकाणावर असताना आणि पुरेपूर वैतागून हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. येत्या गुरुवारी माझ्या हृदयाचं ऑपरेशन आहे. यापूर्वी मृत्युपत्र केलेलं नाही. आत्ता गरज पडली, कारण कौलांखालची सागवानी झालर अजून ओली आहे आणि मी परत आले नाही तर ही मंडळी शुक्रवारीच तिला रंग फासतील.

१. बँकेतली ठेव माझी मुलगी लिओना आणि मुलगा सिरिल यांना निम्मी-निम्मी. त्यावरून भांडू नये. भांडायला झालर आहे.

२. ही झालर माझ्या सासऱ्यांनी कोरून घेतली. दर काही वर्षांनी मी आणि माझे पती ग्रेगरी शिडी लावून जुना रंग खरवडायचो, लाकूड पूर्ण वाळू द्यायचो, अळशीचं तेल पाजायचो, मगच भेगा बुजवून रंग. ग्रेगरी गेल्यावर, तीन वर्षांपूर्वी, सिरिलने मुलीच्या लग्नासाठी भर सप्टेंबरात ओल्या लाकडाच्या भेगांत लांबी, म्हणजे पुट्टी, थापली आणि दोन दिवसांत ऑइलपेंट मारून मोकळा झाला. "मम्मी, बघ, एकदम नवीन!" ओल आतच कोंडली. पुढच्या पावसाळ्यात रंगाचे पापुद्रे सुटले आणि भेगांत माझं बोट जाऊ लागलं. यंदा पाऊस सरल्यावर मी गडी लावून तो सगळा रंग खरवडून घेतला; आतलं लाकूड अजून वाळतंय. लिओना डोंबिवलीहून फोनवर सांगते, "प्लास्टिकची लाव ना गं, सेम दिसते." या दोघांना मीच वाढवलं, हे कबूल करते.

३. सबब राहतं घर एकट्या लिओनाला, प्लास्टिक न लावण्याच्या अटीवर. ती निदान ब्रश हातात घेत नाही. सिरिलला फक्त रंग खरवडायची पत्ती, जी त्याने आजवर वापरलेली नाही.

४. माझ्या शवपेटीचं लाकूड तरी कोरडं बघून घ्यावं.

५. एवढं लिहून झालं आणि आज सकाळी सिरिल टिटवाळ्याहून आला. मी म्हटलं, लाकूड वाळायला अजून तीन आठवडे आहेत, ऑपरेशन पुढे ढकलते. मला भीती वाटते हे सांगितलं नाही, पण वाटते. मला वाटलं, आता हा ओरडणार. त्याने विचारलं, "पण मम्मी, वाळलं ते कळतं कसं?"

उभ्या आयुष्यात पहिल्यांदा विचारलं.

"गाल लावून बघ. गार लागलं तर ओलं."

तो शिडीवर चढला आणि झालरीला गाल टेकवून बराच वेळ उभा राहिला. त्याचेही केस पिकलेत, ते मला खालून दिसलं.

"गार आहे," तो म्हणाला. "तू जा बिनधास्त. मी थांबतो."

कलम ३ मी साक्षीदारांसमक्ष खोडलं आहे. घर दोघांचं. गुरुवारी मी जाते आहे.

सही: ज्युलियाना ग्रेगरी परेरा

आमच्यासमोर वाचून, खोडून सही केली:
१. गुरुदत्त कर्णिक, शेजारी
२. व्हॅलेंटाईन मिस्किटा, ग्रेगरीचे मित्र

ठाणे, रविवार, २४ नोव्हेंबर २०२४