बर्फाखालचे दोन ठोके

५ जानेवारी, सोमवार

हेडफोन साडेनऊशे दिरहमचे, म्हणजे तेवीस हजार रुपयांच्या आसपास. त्यात अनुराधाचा दोन दिवसांचा अबोला मिळवा, मग खरी किंमत कळते. तिचं म्हणणं, अठ्ठावन्नाव्या वर्षी कुणी नोकरी धरतं का. मी म्हटलं, लेकीच्या काळजीनं घरात येरझाऱ्या घालण्यापेक्षा तिच्याच बेटाचे आवाज ऐकायचा पगार घेतो.

नोकरी मोठी गमतीची. ऑफिस आमच्या अल मनखूलच्या बिल्डिंगपासून चालत दहा मिनिटं, आणि काम पार उत्तरेकडच्या एका बेटाचं. तिथे समुद्र गोठलाय, त्या बर्फाखाली सहा माइक सोडलेत. एक यंत्र झोपलेल्या ज्वालामुखीच्या अंगाला चिकटवलंय. बर्फ कुठे तडकतोय, डोंगर खाकरतोय का, हे इथे एसीत बसून ऐकायचं आणि जहाजांना, विमानांना कळवायचं. बेटावर हिवाळाभर दोघीच: आमची ईशानी आणि इनाया नावाची कोळिकोडची मुलगी. इथल्या प्रमुख उर्मिला मॅडम. कॉम्प्युटरला जे उमगत नाही ते बाबांच्या कानाला उमगतं, असं ईशानीनंच त्यांच्या डोक्यात भरवलं.

खोटं नाही ते. शारजाच्या औद्योगिक क्षेत्रात हेल्पर म्हणून उतरलो, मग स्वतःचं वर्कशॉप टाकलं, सव्वीस वर्षं कोल्ड स्टोरेज बांधली. कॉम्प्रेसरचं कुठलं बेअरिंग जाणार ते नुसतं ऐकून सांगायचो. आणि हेही छातीठोक सांगतो, माझ्या थंड खोलीत आजवर एकही माणूस आत अडकून राहिला नाही.

७ जानेवारी, बुधवार

कान बसला. बर्फ जुन्या लाकडी पलंगासारखा कुरकुरतो. डोंगर सतत गुणगुणतो, खालच्या पट्टीत, एकसुरी, बाजूच्या खोलीतल्या फ्रिजसारखा. मॅडम म्हणाल्या, वसंतराव, तो तसाच गुणगुणत राहिला की आपण सुखी.

९ जानेवारी, शुक्रवार

आज माइकची तपासणी. प्रत्येक माइकला इथून बटण दाबून ठोकाही देता येतो. सहा नंबर सगळ्यात लांबचा, दोघींच्या केबिनपासून अकरा किलोमीटर समुद्रात. सवयीनं तीन ठोके दिले.

हा आमच्या वर्कशॉपचा नियम. थंड खोलीचं दार लावण्याआधी बाहेरच्यानं तीन ठोके द्यायचे: आत कोण आहे? आत कुणी असेल तर त्यानं दोन द्यायचे: मी आहे, दार उघड. दोन ऐकले की कोण, का, कशाला, काही विचारायचं नाही. आधी दार उघडायचं. ईशानी शाळेच्या सुट्टीत वर्कशॉपला यायची, तिचा तो खेळच होता.

सहा नंबरवरून दोन ठोके परत आले.

मी हसलो. लेकीची मस्करी. नंतर लक्षात आलं, अकरा किलोमीटरवर, त्या अंधारात ती कशाला जाईल?

१२ जानेवारी, सोमवार

पाच नंबरवर दोन ठोके. मी काही विचारलं नव्हतं.

आणि डोंगर गप्प झालाय. शुक्रवारपासूनच, मी रेकॉर्डिंग मागे नेऊन पाहिलं. मॅडम खूश, म्हणतात गाढ झोपला. कोल्ड स्टोरेजवाल्याला विचारा, मशीन गप्प झालं की काय होतं.

ईशानीला फोन केला. म्हणाली, बाबा, इट्स जस्ट आइस, रिलॅक्स. इनायाला तिनं आपला ठोक्यांचा नियम सांगितला म्हणे, दोघी खूप हसल्या. मागून इनाया ओरडली, अंकल, हम दरवाज़ा खोल देंगे. मीही हसलो.

१४ जानेवारी, बुधवार

सकाळी चार नंबर. दुपारी तीन नंबर. तडकणारा बर्फ वाट बघत नाही. हे ठोके वाट बघतात. दोन देतात, थांबतात, पुन्हा दोन.

थांबतात तेव्हा मागे ती गुणगुण ऐकू येते. डोंगरातली. ती आता बर्फाखाली आहे, आणि केबिनकडे सरकतेय.

मॅडमना सांगितलं. त्यांनी चहा मागवला आणि विचारलं, झोप होते ना?

१६ जानेवारी, शुक्रवार

इनाया नाही.

ईशानीचा फोन धड लागत नव्हता. केबिन अर्धी गोठलेल्या समुद्रावर आहे. मागच्या खोलीत जमिनीला भोक, यंत्रं पाण्यात सोडायला, त्यावर लाकडी झाकण. झाकणावर खालून दोन ठोके पडले. इनाया थट्टेत म्हणाली, अंकल का रूल है, आणि आत गेली. ईशानी मागोमाग गेली तर झाकण उघडं, काठावर एक सपात, पाणी स्थिर.

नियम माझा. पहिला ठोका माझा. आत कोण आहे, असं मीच विचारलं होतं.

वादळ आहे. हेलिकॉप्टर चार दिवस तरी नाही. मॅडम फोनवरून उठलेल्या नाहीत. सगळीकडून एकच उत्तर, इन्शाल्ला, हवा निवळली की.

१७ जानेवारी, शनिवार

सुट्टी, तरी ऑफिसात. अनुराधाला सांगितलेलं नाही.

ईशानी रडत होती. झाकणावर पुन्हा ठोके. म्हणते, बाबा, इनाया आहे, ती आत आहे. मी म्हटलं, पाणी शून्याच्या खाली आहे, तासाभरात माणूस संपतो, थंडीवरच जन्मभर पोट भरलंय, मला शिकवू नकोस. झाकणावर पेट्या रच. ती म्हणाली, मग ठोकतंय कोण? तूच सांगितलंस ना, दोन ऐकले की विचारायचं नाही.

सगळं कबूल केलं तिच्यापाशी. हात जोडले, फोनवर. ऐकलं की नाही कळलं नाही. लाइन गेली.

१८ जानेवारी, रविवार

फोन नाही. एक नंबरचा माइक केबिनच्या खालीच. तो चालू आहे. तिच्या फेऱ्या ऐकतोय.

दोन ठोके. थांबणं. दोन.

माझ्याकडे फक्त ते बटण. तीन म्हणजे कोण आहे. दोन म्हणजे उघड. उघडू नकोस याला आमच्याकडे ठोकाच नव्हता — कधी लागलाच नाही —

एकसारखं बटण दाबत राहिलो. वीस, तीस. तिनं काय समजावं? आत कुणीतरी जिवाच्या आकांतानं —

मॅडमनी हात धरला. उशीर झाला होता.

पेटी सरकली. दुसरी सरकली.

झाकण.

१९ जानेवारी

डोंगर पुन्हा गुणगुणतोय. जागच्या जागी. कॉम्प्युटरनं आपलं आपण लिहिलं, सर्व नॉर्मल.

केबिनमध्ये पाऊल नाही. पहाटेपासून नाही.

अनुराधा आली आहे. शेजारच्या खुर्चीवर. 

आत्ता — एक नंबर — दोन ठोके. पहिला जड, दुसरा हलका. सात वर्षांची असल्यापासून ती अशीच —

बर्फाच्या वरून नाही. खालून.

अनुराधा म्हणते काय झालं. कसं सांगू, आत माणूस आहे, माझा माणूस, आणि मला दार —