आज पाणी घातलंय

प्रिय धाकट्या,

पत्र बघून दचकू नकोस. फोनवर तू "सगळं ठीक ना?" विचारतोस, मी "हो" म्हणून मोकळी होते आणि मग दिवसभर स्वतःवरच चिडते. म्हणून लिहायला बसले.

बाबांची ती भोवऱ्यासारख्या गोल फिरत गेलेल्या पानांची कोरफड आठवते ना? बागेतली माळ्याची नोकरी संपली तेव्हा आणलेलं एवढंसं पिल्लू. आपल्याला हात लावायची सोय नव्हती. निम्मी भरड वाळू, तळाला विटांचे तुकडे, आणि पाणी माती पार सुकल्यावरच. तू एकदा लाडानं तांब्याभर ओतलंस, तर दोन दिवस तुझ्याशी बोलले नव्हते.

आता तेच दिवसातून दहादा पाणी घालतात. घातलेलं लक्षातच राहत नाही. झारी लपवली, तर पेल्यानं घालतात. कुंडीवर 'आज पाणी घातलंय' अशी चिठ्ठी चिकटवली. त्यांनी ती मोठ्यानं वाचली, मान डोलावली आणि पेला रिकामा केला. तेव्हा मला हसू तरी आलं होतं. कुंडी गच्चीवर नेली की घरभर शोधत फिरतात, जेवत नाहीत, मग मीच मुकाट्यानं खाली आणते.

गेल्या महिन्यात बुडखा कुजला. सगळा कुजका भाग कापून टाकला, उरलेला शेंडा आठ दिवस सावलीत सुकवला आणि कोरड्या वाळूत रोवला, अगदी त्यांनी शिकवलं होतं तसा. मुळं धरेपर्यंत थेंबही नको होता. दुकानातून रजा काढून मी त्या कुंडीवर पहारा देत बसले. वेडच म्हण.

काल दूध उतरवायला आत गेले आणि परत येते तर कुंडीत तळं. मी बाबांच्या हातावर फटका मारला. जोरात मारला रे. ते भिंतीला टेकले, हात जोडून म्हणाले, "बाई, चुकलं माझं. कामावरून काढू नका, घरी दोन लहान मुलं आहेत."

ती मुलं म्हणजे आपण. त्यांच्या मनगटावर वळ आहे आणि आज ते मला बघून अंग चोरतात. मला माझ्याच हाताची भीती वाटायला लागलीय. कोरफड गेली तर जाऊ दे. मी पुन्हा मारायच्या आत तू ये.

तुझीच,
ताई