ओठ मिटून

ती. आईस, वाकून नमस्कार.

मेंदूतल्या लहरींचा आवाज बनवला आणि यंत्राने त्यातले शब्द ओळखले, असं काल आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंनीच सांगितलं. टाळ्याही वाजल्या.

मला मात्र शंका येते. लहरी टिपायला तारांची टोपी घातलेला माणूस शब्द मोठ्याने वाचत असतो. त्याचा आवाजच तारांत शिरत असेल तर? बाईंना विचारलं, तर म्हणाल्या, "तुझं आपलं काहीतरीच."

म्हणून बाबांना इकडे आणायची घाई नको. वाचा गेल्यापासून चिडचिड करतात का गं? जेवतात ना नीट?

उद्या टोपी मी घालणार आहे. बाबा तुला हाक मारायचे तसं, ओठ मिटून, मनातच म्हणेन, "अगं, ऐकलंस का?" यंत्राला ते कळलं, तरच तिकिटं काढ.

तुझी,
धाकटी