डेसच्या झांजा

टिप्टन,
९ नोव्हेंबर २००४

प्रिय डेस,

समुद्राची हवा तुला मानवत असेल, असे धरून चालतो. आम्ही इकडे यथास्थित ओले आहोत.

प्रथम एक गंभीर तक्रार. आपल्या हेवी मेटल बँडची ‘राखेचा राजा’ ही रेकॉर्ड पुन्हा निघतेय, हे तुझ्या कानी आलेच असेल. नव्या मुखपृष्ठावर ‘दोन अप्रकाशित गाण्यांसह’ असा गोल पिवळा कागद चिकटवला आहे, तो बरोबर माझ्या चेहऱ्यावर. गिटारवाला ट्रेव्ह दिसतो, ड्रमच्या मागे तू दिसतोस, आणि बास गिटारवाल्याच्या, म्हणजे माझ्या जागी भोपळा उगवला आहे. शाळेत मृत भाषा शिकवून पोट भरणाऱ्या माणसाची ही जिवंतपणीच उत्तरक्रिया. मी त्रिवार निषेध नोंदवला. ग्लेनिस म्हणाली, “विक्री वाढेल, नेव्ह.” ट्रेव्हची बायको असूनही बाई सुखात कशी राहते, ते आता कळले.

रेकॉर्डिंगच्या मूळ फिती सापडल्या, पण चिकट झालेल्या. अशा फिती आधी मंद आचेवर भाजाव्या लागतात, मग थोडे दिवस नीट वाजतात. ट्रेव्हने त्या ग्लेनिसच्या फळे सुकवायच्या यंत्रात भाजल्या. अजून तिच्या सफरचंदांना हेवी मेटलचा वास येतो.

पण डेस, तुझ्या झांजा! सगळ्या आहेत फितीवर, लख्ख. ब्याऐंशी साली ट्रेव्हने आपल्या गिटारचा आवाज चढवून त्या खाली पुरल्या, तू काठ्या फेकून निघून गेलास, आणि तेव्हापासून तुम्ही दोघे एकमेकांना मेलात. आता सगळ्या आवाजांचे नवे मिक्सिंग तो स्वतःच करतोय, गॅरेजमध्ये. शुक्रवारी ते रेकॉर्ड छापायच्या कारखान्यात जाईल.

काल मी शेजारी बसलो होतो.

“झांजा अजून वर,” तो म्हणाला.

“अरे बाबा, खिडकीच्या काचा जातील.”

“जाऊ देत. डेसला ऐकू आल्या पाहिजेत.”

“त्याला तिकडे ऱ्हिलच्या किनाऱ्यावर रेकॉर्ड न लावताच ऐकू येतील.”

तो हसला नाही. मला वाटले, रुसला. तोवर कुत्रा उठून बाहेर गेला होता आणि माझ्या दाढा शिवशिवत होत्या. ट्रेव्हने माझ्याकडे वळून विचारले, “काय म्हणालास?” आणि पुन्हा झांजा चढवल्या.

नंतर स्वयंपाकघरात चहा. किटली शिट्टी मारतेय, मारतेय. ट्रेव्ह तिच्यापासून हातभर अंतरावर, फुटबॉलचे पान वाचत. ग्लेनिस बागेतून धावत आली, तिने गॅस बंद केला. ट्रेव्हने पान उलटले.

“कधीपासून?” मी तिला दारात विचारले.

“त्याला विचारलं तर म्हणतो, तुम्ही सगळे पुटपुटता.”

“डॉक्टर?”

“तूच सांगून बघ ना त्याला. मला तर म्हणाला, डॉक्टरकडे तू जा.”

रेकॉर्ड काढणाऱ्या लंडनच्या कंपनीला हा आवाज ‘अस्सल आणि निर्दय’ वाटतो म्हणे. तेव्हा तिकडून सुटका नाही. माझे तो ऐकत नाही; बासवाल्याचे कोणी कधी ऐकले आहे? पण तू समोर बसून “झांजा जास्त झाल्या” म्हणालास, तर त्याला मानावेच लागेल. पृथ्वीच्या पाठीवर हे वाक्य कधीही न उच्चारलेला तू एकमेव ड्रमर आहेस. म्हणून शुक्रवारच्या आत ये. भांडायचे असेल तर भांड, पण मोठ्याने आणि त्याच्यासमोर उभा राहून.

रेकॉर्डचे निमित्त आहे, डेस. ती बिघडली तर बिघडो, एकदा बिघडलेलीच आहे. तो रोज हेडफोन घालून आवाज पूर्ण चढवतो, हरवलेल्या झांजा शोधत. आहेत तेवढे कानही त्यात जाताहेत. मी बाजूला बसतो, विनोद करतो, आणि तोंडाशी आलेले सांगत नाही. ट्रेव्ह बहिरा होतोय. मला फार भीती वाटते.

तुझा,
नेव्ह