फटफटीचं माहेर

गारखेडा, २ जुलै २०२५

चि. सम्यकला आजीचा जय भीम आणि पाठीवरून हात.

आधी आली ती म्हातारी, मागून पिशवी सांभाळत म्हातारा. वैजापूरचे सांडूभाऊ आणि त्यांची चतुराबाई. अरे, ज्यांच्या गोठ्यातून तू बंद फटफटी भंगाराच्या भावात उचलून आणली, तेच. पोलीस ट्रेनिंगात तुझा मोबाईल काढून घेतला म्हणून लिहिते, अक्षराला हसू नको.

फटफटी सुरू झाली बरं का. तुझ्या बहिणीनं, तनुजानं, इंजिनात डिझेल ओतून मुरत ठेवलं, तवा कुठं किक खाली गेली. सायलेन्सरातून उंदरांचं अख्खं बिऱ्हाड निघालं. पेट्रोलच्या टाकीचा गंज निघावा म्हणून आत खडी घालून ती मी मांडीवर घेऊन घुसळली. शेजारची वच्छलाबाई म्हणली, पतवंड खेळवता का काय. कुठं होते मी? व्हय, पाहुणे.

मला वाटलं, गाडी चालायला लागली, आता परत मागायला आले. बंद होती तवा तिच्यावर कोंबड्या बसायच्या. म्हणून पाणी द्यायच्या आधीच सांगून टाकलं, ती तर भंगारात गेली. म्हातारा टोपी काढून ओट्यावर बसला. म्हातारीनं पिशवीतून काढलेला खण गुमान आत सारला. आन् तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी फट फट फट. तनुजा दळण घेऊन आली. नुसत्या आवाजावर म्हातारा उठला. म्हणला, ही आमचीच.

मला तर तोंड कुठं लपवू झालं. पण चतुराबाई हसली. म्हणली, "विहीणबाई, लेक नांदती का ते बघायला आलो, काडीमोड करायला नाय." हॅन्डलला खण बांधला, भाकर-ठेचा खाल्ला. पंचमीला लेकी येतात तशी हिला पण दोन रोज नेऊ म्हणले. मी शब्द दिला.

जेवत जा.

तुझी आजी कडूबाई

९ जुलै २०२५

ती. आजीस सविनय जय भीम.

पत्र वाचून खोलीतली पोरं लई हसली. अक्षराला नाही, तुझ्या थापेला. पण घोटाळा झालाय. ती गाडी मी फुलंब्रीच्या कचरूला आधीच कबूल केलीय. वीस तारखेला, रविवारी, तो न्यायला येईल. शब्द माझाही आहेच. आणि ती गेल्याशिवाय दुसरी बंद गाडी आणायला अंगणात जागा कुठं? चतुराबाईंना समजावून सांग, गाडीला माहेर नसतं. तनुजाला म्हणावं, प्लग साफ करून ठेव.

राग असला तरी लोभ कमी करू नकोस.

तुझा सम्यक

गारखेडा, २१ जुलै २०२५

चि. सम्यकला जय भीम, आणि जरा कान इकडं कर.

काल तुझा कचरू आला. भला माणूस, चपला बाहेर काढून. गाडीभोवती फिरला आणि हॅन्डलचा खण सोडाया लागला, तर मी हात धरला. त्याला सगळं सांगितलं, माझी थाप पण. म्हणलं, नातवाचा शब्द आहे, गाडी तुझीच. पण माझा, ह्या म्हातारीचा, पण शब्द आहे. त्यानं डोकं खाजवलं आणि बायकोला फोन लावला. ती तिकडून म्हणली, पहिली पंचमी माहेरी झाल्याबिगर नवी सून आपल्या उंबऱ्यात आणायची नाय. कचरू हसत हसत बसनं गेला. पंचमी झाली की येतो म्हणला.

आपल्यात पंचमी करीत नाय, पण माहेराला कुणाचा मज्जाव असतो का? आन् जागेचं म्हणशील, तर तनुजानं दुसरी मेलेली फटफटी आणून न्हाणीपाशी लावली पण. तिची टाकी सध्या माझ्या मांडीवर आहे, म्हणून अक्षर हललंय.

माया पातळ होऊ देऊ नको.

तुझी आजी कडूबाई

राहिलंच की. लेकीला माहेरी न्यायला सांडूभाऊ मुराळी होऊन येणार, चतुराबाई पण संगं. येत्या सोमवारी, पंचमीच्या आदल्या रोजी.