होडी पाठवते आहे

४ नोव्हेंबर

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. उत्तराला उशीर झाला, मनावर घेऊ नकोस. आम्ही दोघं ठीक आहोत. बाबांचा गुडघा अधूनमधून कुरकुरतो, पण भाजी आणायला स्वतःच जायचा हट्ट काही सुटत नाही. शेजारच्या शिवणकामवाल्या काकू परवा तुझी चौकशी करत होत्या. तू नोकरीत कायम झालीस म्हणून सांगितलं, तर म्हणाल्या, "सून तुमची जिद्दीची हो." मला बरं वाटलं.

तू विचारलंस, ती हवेची कयाक अजून आहे का, आणि असली तर न्यावी का. तुम्ही कयाक म्हणता, माझ्या तोंडी होडीच बसलंय. तर होडी आहे. माळ्यावर होती, पिशवीतच. पण नुसतं "आहे" असं लिहून कसं चालेल? आधी उघडून बघायला हवी होती.

बाबांनी ती खाली काढली. चेन उघडली तर कुबट वास. त्या शेवटच्या रविवारी तुम्ही दोघं तळ्यावरून उशिरा आलात आणि त्याने ती ओलीच गुंडाळून ठेवली होती. "पुढच्या सुट्टीला वाळवतो," म्हणाला होता. ती सुट्टी काही आली नाही.

सीटखालच्या घड्यांमध्ये काळी बुरशी धरली होती. मी घासायचा ब्रश घेतला तशी बाबांनी तो हातातून काढूनच घेतला. मग साबणाचं पाणी आणि मऊ फडकं. नंतर साध्या पाण्याने धुऊन गच्चीवर सावलीत वाळत घातली. उन्हात मुळीच नाही, उन्हाने तिचं अंग कडक होतं. वरून कोरडी वाटली तरी सांध्यांत पाणी राहतं, तिथे बोटाने फडकं फिरवून बघावं लागतं.

मग हवा भरायची. गच्ची आधी झाडून घेतली, एखादा खडा राहिला तरी खालून टोचतो. झडपांवर आकडे आहेत, मी वाचत गेले आणि बाबा पंप मारत गेले. पण सकाळी बघितलं तर डावी बाजू मलूल पडलेली. साबणाचा फेस लावल्यावर एका ठिकाणी बारीक बुडबुडे आले.

"एवढंच ना," बाबा म्हणाले, "सायकलचं सोल्युशन आणतो."

"तिचं ठिगळ वेगळं असतं. पिशवीच्या कप्प्यात असेल बघा."

"बस डेपोत जन्म गेला माझा ट्यूब जोडण्यात. मला ठिगळं शिकवतेस?"

ठिगळ कप्प्यात निघालं, गोंदाच्या ट्यूबसकट. बाबांनी चष्मा लावून ट्यूबवरच्या सूचना वाचल्या. जागा पुसून कोरडी केली, ठिगळ बसवलं, वर इस्त्री ठेवली. गरम नव्हे, नुसती वजनाला. दुसऱ्या दिवसापर्यंत कुणाला हात लावू दिला नाही. घरात हात लावणारी मी एकटीच.

मग म्हणाले, "पाण्यावर टिकतं का ते बघितल्याशिवाय द्यायची नाही."

म्हणून आम्ही तळ्यावर गेलो. या वयात. हसू नकोस. तुझं लाइफ जॅकेट मला बसलं. त्याचं बाबांना फार मोठं झालं. मी त्यांचे पट्टे ओढून ओढून आवळले, तेव्हा ते माझ्याकडे न बघता तळ्याकडे बघत होते.

भाड्याने होड्या देणारा तो दाढीवाला आठवतो का? ही होडी त्याने लगेच ओळखली. म्हणाला, "तुमचा मुलगा वारा बघितल्याशिवाय पाण्यात पाय ठेवायचा नाही." मग आम्हालाही त्याने शिकवलं, जाताना वाऱ्याच्या विरुद्ध जा, म्हणजे दमल्यावर वाराच परत आणतो. वारा काठाकडून तळ्याच्या मध्याकडे वाहत असला तर हवेची होडी बाहेर काढायचीच नाही, ती हलकी असते, पानासारखी लांब जाते. आम्ही काठाकाठानेच राहिलो, आणि परत आल्यावर त्याला सांगायचं हेही ठरवून गेलो.

लोकांना अजून वाटतं की तो पाण्यात गेला. त्या दिवशीही एका बाईंनी विचारलंच. इतक्या जपून पाण्यावर राहणारा माझा मुलगा, गेला तो कोरड्या रस्त्यावर, कामावरून घरी येताना. किती जणांना सांगायचं?

मी पुढे बसले होते, बाबा मागे. थोडं गेल्यावर मागचं वल्हं थांबलं. मला वाटलं, दमले. "थांबायचं का?" विचारलं.  मागून हुंदक्याचा आवाज आला. बाळ, त्या दिवसापासून हा माणूस रडला नव्हता. इस्पितळातले कागद, आल्यागेल्याचं चहापाणी, माझी औषधं, सगळं यांनीच बघितलं. तुलाही धीर यांनीच दिला. आणि आता पाण्यावर, माझ्या पाठीमागे, लहान मुलासारखे रडत होते.

मी वळले नाही. वळलं की होडी हेलकावते, हे खरंच. पण म्हणून नव्हे. त्यांना कुणी बघणार नाही अशी जागा इतक्या दिवसांनी मिळाली होती, ती मला मोडायची नव्हती. मी हळूहळू एकटीच वल्हवत राहिले. माझेही डोळे वाहत होते, तेही त्यांना दिसले नसतील.

काठाला लागल्यावर म्हणाले, "हवा जरा कमी झालीय. गार पाण्याने होते. पंक्चर नाही."

"नाही ना?"

"नाही. ठिगळ पक्कं आहे."

तर होडी पाठवायला हरकत नाही.

तुझ्या पत्राची तीन पानं नव्या लग्नाविषयी होती, बाळ, आणि मी उत्तर देत बसले आहे शेवटच्या ओळीचं. तुझ्या ध्यानात आलंच असेल.

वाईट वाटलं का? वाटलं. खोटं कशाला लिहू? तुझं पुन्हा सगळं नीट व्हावं असं मीच सगळ्यांना म्हणत होते, आणि खरोखर झालं तेव्हा मलाच ते सोसेना. तू नोकरीसाठी तिकडे गेलीस तेव्हा मी मनाशी धरून चालले की सून परगावी आहे, सुट्टीत येईल. तुझा कप मी अजून वेगळा ठेवते. आता तसं धरून चालता येणार नाही. पत्र आलं त्या रात्री बाबांना म्हटलं, "आपलं आता कोणीच राहिलं नाही." ते म्हणाले, "मग तिने काय करायला हवं होतं?"  मी पाठ फिरवून झोपले.

पण तळ्यावरून आल्यापासून थोडं वेगळं वाटतंय. दुःख कमी झालेलं नाही. तुझ्यावर ते ओझं टाकायचं नाही, एवढं मात्र ठरलं.

तुझ्या होणाऱ्या नवऱ्याला पोहता येतं ना? येत असलं तरी जॅकेट घालायला लाव. दोन्ही पिशवीत घातली आहेत. त्याला मोठं झालं तर पट्टे आहेत. फार उन्हात होडी काठावर ठेवलीत तर थोडी हवा सोडा, नाहीतर सांधा उसवेल. आणि घरी आल्यावर कितीही कंटाळा आला तरी त्याच दिवशी वाळत घाला.

लग्नाला मी येत नाही. रागाने नाही. मंडपात मला रडू आवरणार नाही आणि तुझा दिवस माझ्या डोळ्यांच्या पाण्यात जाईल. बाबा येतील, होडी घेऊन. नव्या घरात सगळे विचारतील, हे कोण? तू अडखळशील, मला माहीत आहे. पहिले सासरे असं कुणी सांगत नाही. तुझे आईवडील तिथे असतीलच, त्यांच्या शेजारी बाबांना बसव आणि सांग, हेही माझ्या माहेरचेच.

सुखी राहा. केव्हाही ये.

तुझ्या माहेरून,
आई