बाबांची चार पानं

शनिवार, २१ नोव्हेंबर २०१५, झिंडेलफिंगेन, जर्मनी

सासूबाई गेल्यापासून माझे सासरे, बाबा, त्यांच्याबद्दल चकार शब्द बोलले नव्हते. आज दुपारभर माझ्या लॅपटॉपवर एका बोटाने टाइप करत त्यांनी आईंवर चार पानं लिहिली.

लॅपटॉपवर कायमची टाकण्याआधी मी नवी ऑपरेटिंग सिस्टिम पेनड्राइव्हवरून चालवून बघतेय. त्यात लॅपटॉप बंद केला की सगळं पुसलं जातं. मला माहीत होतं! तरी स्वयंपाकाला उठताना सवयीने मीच बंद केला.

"सेव्ह झालं ना गं? पुन्हा नाही व्हायचं माझ्याच्याने."

मी हो म्हटलं. का म्हटलं?

चार पानं. एका बोटाने.

आल्झो, तर मग, सांगून टाकायचं. पण ते इस्त्रीचा शर्ट घालून बसलेत, वन्संना व्हिडिओ कॉलवर वाचून दाखवायला. मी बेडरूममध्ये हे खरडतेय.

कॉल लागला वाटतं. बाबा हाक मारताहेत, "अगं, उघडून दे ना ते."